जावेच्या मेसेजमधले सात गुण

"ताई, माझा मुलगा चार महिने दहा दिवसांचा आहे. मी चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी विभागात काम करते. रजेतले चार आठवडे बाळंतपणाआधीच गेले, त्यामुळे अजून तीन आठवड्यांनी कामावर हजर व्हायचंय. सकाळी साडेसहाची बस, घरी यायला पाच वाजतात. जन्मताना बाळ 2.8 किलोचं होतं, आता 6.2 किलो आहे. पहिले दोन महिने नुसतं अंगावरचं दूध दिलं. मग ते संध्याकाळी फार रडायला लागलं, मलाही छाती आधीसारखी भरल्यासारखी वाटेना. सासूबाई म्हणाल्या, तुझं दूध पुरत नाही. तेव्हापासून रात्री झोपताना पावडरच्या दुधाची एक बाटली देतो. परवा जाऊबाईंनी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला, की सहा महिने पूर्ण अंगावर न पाजलेल्या मुलांचा बुद्ध्यांक सात गुणांनी कमी राहतो. तेव्हापासून बाटली हातात घेतली की रडू येतं. आता तर मी दिवसभर घरात नसणार. माझ्यामुळे पोरगं मागे पडेल का? नोकरी सोडू का? आमचं घर माळकरी आहे, अंडंसुद्धा चालत नाही, आणि बाळंतपणाचं पथ्य अजून सुरू आहे, हेही सांगून ठेवते.
– एक आई, चाकण"

प्रिय मुली,

नोकरी सोडू नकोस. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. आणि पत्राच्या शेवटी "हेही सांगून ठेवते" म्हणून जे लिहिलंस, त्याची मला तुझ्या बाटलीपेक्षा जास्त काळजी वाटते. त्यावर येतेच, पण आधी ते सात गुण.

हा आकडा हवेतून आलेला नाही. तो बहुधा बेलारूसमधल्या अभ्यासातला असावा. 1996-97 मध्ये तिथल्या 31 प्रसूतिगृहांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले. एका गटातल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना आईला पाजायला कशी मदत करायची याचं नीट शिक्षण दिलं, दुसरीकडे आधी जसं चालत होतं तसंच चालू ठेवलं. एकूण 17,046 बाळं होती. तिसऱ्या महिन्यात निव्वळ अंगावर पिणारी बाळं पहिल्या गटात शंभरात 43 होती, दुसऱ्या गटात जेमतेम सहा. मुलं साडेसहा वर्षांची झाली तेव्हा त्यांची चाचणी घेतली आणि भाषेशी संबंधित बुद्ध्यांकात पहिला गट सरासरी साडेसात गुणांनी पुढे निघाला. तुझ्या जाऊबाईंपर्यंत पोचलं ते एवढंच.

तीच मुलं सोळा वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा तपासलं, ते मात्र मेसेजमध्ये नाही. या वेळी चाचणी संगणकावर होती. दोन्ही गटांत फरक जवळजवळ उरला नव्हता. भाषेच्या भागात काय तो राहिला, तोही दीड गुणाच्या आतला. आणि आणखी एक. दोन्ही गटांतल्या आयांनी अंगावर पाजायला सुरुवात केलेली होती. कुणी जास्त दिवस पाजलं, कुणी कमी, एवढाच फरक होता. ‘अंगावरचं की पावडरचं’ अशी ती तुलना मुळातच नव्हती. एक बाटली रात्री दिली म्हणून सात गुण गेले, असा अर्थ त्यातून कुठल्याही बाजूनं निघत नाही.

दुसऱ्या बाजूचंही सांगते, म्हणजे मी तुझी नुसती समजूत काढतेय असं वाटणार नाही. ब्राझीलमधल्या पेलोतास शहरात 1982 साली जन्मलेल्या मुलांचा तिशीपर्यंत माग ठेवला गेला. वर्षभर किंवा जास्त काळ अंगावर प्यालेल्यांचा बुद्ध्यांक महिनाभरही न प्यालेल्यांपेक्षा पावणेचार गुणांनी जास्त भरला. तिथे गरीब-श्रीमंत सगळ्याच घरांत कमी-अधिक सारखं पाजलं जायचं, म्हणून या आकड्याला वजन आहे. उलट 2006 मध्ये ब्रिटनच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या मुलांची आकडेवारी घेऊन आईचं शिक्षण, आईचा स्वतःचा बुद्ध्यांक, घरची परिस्थिती हे सगळं हिशेबात धरलं, तेव्हा फरक जेमतेम अर्ध्या गुणावर आला. माझं स्वतःचं मत असं, की फायदा आहे आणि तो थोडा आहे. बुद्ध्यांकाची सरासरी शंभर धरतात. त्यातला दोन-चार गुणांचा फरक एका मुलाकडे बघून ना आईला कळतो, ना बाईंना शाळेत कळतो.

मग मी गेली तीस वर्षं ओपीडीत बसून आयांना "अंगावर पाज, अंगावर पाज" का सांगते? कारण बाळाची वाढ बुद्ध्यांकात मावत नाही. पहिल्या वर्षात मेंदूचं वजन दुपटीच्या पुढे जातं. त्याला लागणारी डीएचएसारखी स्निग्ध द्रव्यं आईच्या दुधात तयार असतात. त्यातल्या काही शर्करा तर बाळाला पचतही नाहीत. त्या असतात आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंसाठी. जिवाणू पोसले की आतडं सांभाळलं जातं, आणि वर आईनं आयुष्यभरात जमवलेली प्रतिकारशक्ती दुधातून मिळते ती वेगळी. बेलारूसच्याच अभ्यासात वर्षभरात जुलाब झालेली बाळं दुसऱ्या गटात शंभरात तेरा होती, पहिल्या गटात नऊ. जुलाबानं आठवडाभर मलूल पडलेलं पोर खुळखुळ्याकडे बघत नाही, पालथं पडायची धडपड करत नाही, हुंकाराला हुंकार देत नाही. असे आठवडे वर्षातून चार-पाच वेळा आले, तर वाढ तिथे अडते. माझ्या दृष्टीनं दुधाचा मेंदूशी सगळ्यात ठसठशीत संबंध हा आहे.

आणि दुसरा संबंध दुधात नाहीच, मांडीवर आहे. उद्या पाजताना नीट बघ. बाळ आठ-दहा घोट भराभर ओढतं, मग थांबतं. थांबलं की तू आपसूक त्याला जरा हलवतेस, नाहीतर "काय रे, दमलास?" म्हणतेस. ते ऐकतं आणि पुन्हा ओढायला लागतं. ही त्याची पहिली बोलाचाली, एकदा ह्याची पाळी, एकदा तुझी. तुझा चेहरा त्याच्यापासून वीतभर लांब असतो, तान्ह्या डोळ्यांना सगळ्यात स्पष्ट दिसतं ते तेवढ्याच अंतरावर. चार महिन्यांचा झालाय, म्हणजे आता मंगळसूत्र मुठीत धरून ओढत असेल. मध्येच तोंड सोडून, ओठाच्या कडेनं दूध गळत असताना तुझ्याकडे बघून हसत असेल. दार वाजलं की मान तिकडे वळवत असेल. पुष्कळ आया यालाच "पीत नाही, दूध आवडेनासं झालंय" समजतात. तसं नसतं. त्याला जग दिसायला लागलंय. अशा वेळी आतल्या खोलीत, जरा अंधारात पाजावं.

या मांडीवरच्या बोलाचालीला अंगावरचंच दूध लागतं असं नाही. वाटी-चमच्यानं पाजणारी आजी त्याच्या डोळ्यांत बघत, त्याच्या थांबण्याला थांबत पाजत असेल, तर तीच बोलाचाली होते. उशीचा टेकू देऊन तोंडात बाटली खोचली आणि माणूस टीव्हीकडे बघत बसलं, तर होत नाही. तू दिवसभर घरी नसताना काय हरवू शकतं म्हणून विचारशील, तर हे. आणि ते सासूबाईंच्या हाती राखता येण्याजोगं आहे.

आता तुझ्या दुधाचं. तुझं दूध पुरत होतं. साडेचार महिन्यांच्या आत वजन दुपटीच्या पुढे गेलंय, आणि ते रात्रीच्या एका बाटलीवर जात नाही. दोन महिन्यांच्या सुमाराला छाती मऊ पडते ती दूध आटलं म्हणून नाही. बाळाला किती लागतं हे शरीराला उमगतं आणि ते तेवढंच बनवायला लागतं. संध्याकाळी रडणं तर त्या वयात घरोघरी असतं. ते भुकेचंच असतं असं नाही, बहुतेकदा दिवसभराचा शीण असतो. दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट भिजतात ना, आणि कार्डावरची वजनाची रेघ वर जातेय ना? एवढं बघायचं.

दिवसातली कुठलीही एक बाटली द्यायची झाली, तर रात्रीची देऊ नये असं मी सांगते. दूध तयार करायचा निरोप देणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. रात्री ओढलं नाही, तर शरीर समजतं की मागणी कमी झाली. ती बाटली एकदम बंद करू नकोस. आधी अंगावर दोन्ही बाजूंनी पाज, मग हवं असेल तर बाटली, आणि दर दोन-तीन दिवसांनी बाटलीतलं माप थोडं कमी. दहा-बारा दिवसांत सुटेल. नाही सुटली तरी त्यापायी डोळ्यांत पाणी आणायचं कारण नाही.

आता पथ्याचं आणि माळेचं. आईचं दूध पुष्कळ बाबतींत स्वतःला सांभाळतं. तू दोन घास कमी खाल्लेस तरी त्यातली साखर, प्रथिनं फारशी ढळत नाहीत. पण काही गोष्टी आईच्या अंगात असतील तरच दुधात उतरतात. बी-12 जीवनसत्त्व त्यातलं मुख्य. ते धान्यात, भाजीत, डाळीत नसतं. दुधा-दह्यात थोडं असतं, अंडी-मांस-मासळीत भरपूर. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकानं 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. सुमारे दोन तृतीयांश बायकांच्या रक्तात बी-12 कमी निघालं. पुढे त्यांच्यातल्या काहींची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा ज्यांच्या आयांचं बी-12 फार कमी होतं ती मुलं लक्ष टिकवण्याच्या आणि आकडे उलटे म्हणून दाखवण्याच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. हे तुझ्या घरापासून तासा-दोन तासांच्या अंतरावरचं आहे, म्हणून बेलारूसपेक्षा तुझ्या जास्त कामाचं.

माझ्याकडे नऊ महिन्यांचं एक बाळ आलं होतं. निव्वळ अंगावर पिणारं, गोबरं. आजी म्हणाली, आधी हसायचं, बसायला लागलं होतं, आता नुसतं पडून राहतं. केस विरळ नि पिंगट, बोटांच्या पेरांवर काळपट झाक, नजर लावून कुठेच बघेना. आईनं सव्वा वर्ष मऊ भात, वरण, तूप याखेरीज काही खाल्लं नव्हतं, दूधही तिला आवडत नव्हतं. दोघांचं बी-12 तळाला गेलेलं. इंजेक्शनं सुरू केल्यावर आठवड्याच्या आत ते बाळ हसलं, तेव्हा आजी पदरात तोंड लपवून रडली. सुटलेली वाढ भरून निघायला मात्र पुष्कळ महिने लागले. त्या आईनं दूध पाजण्यात तिळभर कसर केली नव्हती. तिच्या ताटाकडे कुणी बघितलं नव्हतं.

म्हणून याच आठवड्यात तुझं बी-12 आणि हिमोग्लोबिन तपासून घे आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखव. माळ मोडायची काही गरज नाही, बी-12 च्या गोळ्या मिळतात. पथ्य मात्र आजपासून सोड. पालेभाजी, उसळ, फळं, दही-ताक, शेंगदाणे, सगळं खा. मीठ आयोडीनचं वापर. तुझ्या वांग्यानं बाळाच्या पोटात गुबारा धरत नाही. अळिवाचे, डिंकाचे लाडू आवडतात म्हणून जरूर खा, पण ते खाल्ले म्हणजे जेवण झालं असं नाही. बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज 400 युनिट, सुरू नसतील तर तेही विचार. ते आईच्या दुधात कुणाच्याच पुरेसं नसतं.

आता तीन आठवड्यांची तयारी. आजपासून रोज सकाळचं पहिलं पाजून झालं की हातानं दूध काढायचा सराव कर. हात धू. काळसर भागाच्या कडेला अंगठा वर आणि दोन बोटं खाली ठेव. आधी छातीकडे दाब, मग बोटं एकमेकांकडे आण, सोड. कातडीवरून बोटं घासू नकोस. मिनिटभर काही येत नाही, मग थेंब येतात, मग पान्हा सुटतो आणि वाटीत बारीक धारेचा आवाज येतो. पहिल्या दिवशी वाटीचा नुसता तळ झाकला जाईल. त्यावरून "माझं दूध एवढंच" असं ठरवू नकोस. बाळ ओढतं तेवढं हाताला कधीच येत नाही, आणि सरावानं माप वाढत जातं. कंपनीत काढताना मोबाइलवर बाळाचा व्हिडिओ लाव, किंवा त्याचं कालचं झबलं पिशवीत ठेव. पान्ह्याला वास ओळखीचा लागतो.

या वयाच्या बाळाला तासाला साधारण 30 मिली धर. तू साडेदहा तास बाहेर, म्हणजे तीनशेच्या आसपास. ते झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या डब्यात ठेव. बाहेर चार तास, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून कमी. फ्रिजमध्ये आतल्या फळीवर 24 तास, दारात नको. वर सायीसारखा थर जमेल, दूध नासलंय समजून फेकू नका, डबा हलक्या हातानं फिरवला की ते एकजीव होतं. गरम पाण्याच्या वाटीत ठेवून कोमट करायचं, गॅसवर नाही. काढलेलं दूध पुरलं नाही तर एखाद्या वेळचं पावडरचं द्या. डब्यावर लिहिलेल्या मापानंच, उकळलेल्या पाण्यात. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पातळ करू नका, बाळाची उपासमार होते आणि वरून पोट भरल्यासारखं दिसतं. गाईचं-म्हशीचं दूध वर्षाच्या आत नको. तुला फक्त महिनाभर असं काढायचंय. सहा महिने पूर्ण झाले की नाचणीचं सत्त्व, मऊ वरणभात, कुस्करलेलं केळं सुरू होईल, दूध त्याच्या जोडीला दोन वर्षं आणि पुढेही चालू राहू दे. लोहाच्या थेंबांचंही तेव्हाच डॉक्टरांशी बोल, सहा महिन्यांनंतर मेंदूला लोह लागतं आणि अंगावरच्या दुधात ते फार थोडं असतं.

कंपनीत आत्ताच लेखी विचार. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज पाजण्यासाठी दोन सुट्ट्या हा कायद्यानं तुझा हक्क आहे. 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि दिवसातून चार वेळा तुला तिथे जाता आलं पाहिजे. बाळाला बसनं नेणं जमणार नसेल, तर त्याच दोन सुट्ट्यांत दूध काढायला कडीची खोली आणि फ्रिजचा एक कप्पा माग. शौचालयात उभं राहून काढायला तयार होऊ नकोस. तिथे कुणी जेवत नाही, तर बाळाचं जेवण तरी तिथे का बनावं?

पुढचं सासूबाईंना वाचून दाखव.

सासूबाई, तुम्ही आहात म्हणून ही मुलगी कामावर जाऊ शकते. दोनच गोष्टी सोडा, मध आणि बाळगुटी. मधात एका जिवाणूची बीजं असू शकतात, त्यांनी वर्षाच्या आतलं बाळ लुळं पडू शकतं. गुटीच्या सहाणेवरून जंतू पोटात जातात, आणि सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेखंड, जायफळ कशाचीच गरज नसते. बाकी सगळं तुमचंच. तेल लावा, गाणी म्हणा, भाजी निवडताना समोर बसवून "ही मेथी, ही कोथिंबीर" सांगा. पूर्वी घराघरांत बोंडलं असायचं, तुम्हीही पाजलं असेल. तसंच आता वाटी-चमच्यानं पाजा. बाटलीचं बूच नि निपल नीट उकळलं जात नाही आणि जुलाब तिथूनच सुरू होतात. पण सवय आत्तापासून लावा. सून घरात असताना तिला शेजारी धाडा आणि दिवसातून एकदा तुम्ही पाजून बघा. आई जवळ असली की बाळ चमचा घेत नाही, त्याला वास येतो.

मुली, पहिल्या आठवड्यात काय होईल तेही सांगते. पुष्कळ बाळं आई नसताना थोडंच पितात, झोपून काढतात, आणि आई आली की संध्याकाळपासून पहाटेपर्यंत अंगावर लागतात. तुझंही तसं झालं तर घाबरू नकोस, त्यानं आपलं वेळापत्रक तुझ्या शिफ्टशी जुळवून घेतलंय. तेवढे दिवस रात्रीचा स्वयंपाक आणि भांडी दुसऱ्या कुणीतरी बघावीत, यात बाळाचे बाबाही आले. पाच वाजता आल्यावर आधी हात-तोंड धू आणि थेट त्याला घेऊन बस, चहा तिथेच आणून दे म्हणावं.

आणि हजर व्हायचा दिवस गुरुवार मिळतो का बघ. दोन-तीन दिवस कामाचे, मग सुट्टी. बी-12 चा रिपोर्ट आला की कळव.